४,२९,४९,६७,२९७ : फर्माचा अंदाज मोडणारी संख्या

२ चा ३२वा घात अधिक १, म्हणजे ४,२९,४९,६७,२९७. इथे ३२ हा घातांक स्वतःच २ चा घात आहे; अशा रूपातल्या सगळ्या संख्या मूळ असतात असं फ्रेंच गणिती फर्माला वाटत होतं. १७३२ मध्ये स्विस गणिती ऑयलरने ही संख्या फोडली : ६४१ × ६७,००,४१७.

भागाकार न करताही हे पटतं, आणि ते फारच देखणं आहे. ६४१ = ५ × १२८ + १, आणि १२८ म्हणजे २^७ (२ चा ७वा घात), म्हणून ६४१ ने भागताना ५ × २^७ ची बाकी −१ धरता येते. चौथा घात घ्या : ५^४ × २^२८ म्हणजे १. पण ६४१ = ६२५ + १६ सुद्धा, म्हणून ५^४ च्या जागी −२^४ ठेवा. −२^३२ म्हणजे १. झालं, बाकी शून्य!

६४१ सापडला कसा? ४,२९,४९,६७,२९७ चा प्रत्येक मूळ विभाजक १२८क + १ (क ही पूर्ण संख्या) अशाच रूपाचा असतो. त्यातली पहिली मूळ संख्या २५७ (बाकी २ उरते), दुसरीच ६४१. दुसरा अवयव ६७,००,४१७ मूळ आहे हे तपासायलाही ६४१, ७६९, ११५३ आणि १४०९ पुरतात, कारण त्याचं वर्गमूळ २५८९ च्या आत आहे.

संगणकावर पडताळताना ३२ बिटांचा पूर्णांक वापरू नका. वरचा बिट गळतो आणि गुणाकार चक्क १ येतो. ६४ बिट घ्या.