उल्हास-बारवीची सायकलफेरी आणि एका स्पोकपायी गेलेले १९ दिवस

ठाण्याहून निघून शीळफाटा, काटई नाका, बदलापूर, बारवी धरण, मुरबाड, रायते, कल्याण आणि पुन्हा काटई अशी शंभर किलोमीटरच्या थोडी पुढे जाणारी फेरी मी नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी पूर्ण केली. ती खरे तर ऑक्टोबरच्या दुसऱ्या रविवारीच व्हायची होती. मधला सगळा काळ मागच्या चाकातल्या एका स्पोकने खाल्ला आणि त्याची चीड अजून मनातून गेलेली नाही, म्हणून आधी तेच सांगतो.

पहिल्या खेपेस बदलापूरला उल्हास नदी ओलांडून मुळगावच्या पुढे, बारवीच्या चढावर, मागून टण्ण असा आवाज आला आणि चाक ब्रेकला घासू लागले. कॅसेटच्या, म्हणजे साखळी जिच्यावर फिरते त्या दातेरी चकत्यांच्या, बाजूचा एक स्पोक (चाकाची तार) हबजवळच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्याजवळच्या, वाकावर तुटला होता. मागच्या चाकात त्या बाजूचे स्पोक जास्त ताणलेले असतात, आणि ताण सगळीकडे सारखा नसेल तर ते नेमके त्या वाकावरच थकून तुटतात. कॅसेट काढण्याची हत्यारे नसतील तर ते रस्त्यात बदलताही येत नाहीत. बदलापूरपर्यंत सायकल हातात धरून, जमेल तिथे हळूहळू चालवत परत आलो. तिथे एका पंक्चरवाल्या काकांनी तुटलेली तार शेजारच्या तारेला गुंडाळली, ब्रेकची बारीक कळ उघडून रबरे रुंद केली आणि म्हणाले, "बत्तीसातली एकच गेलीय, सावकाश जा, घरी पोचाल." त्यांनी पैसेही घेतले नाहीत. ठाण्यापर्यंत खड्डे चुकवत, सीटवरून थोडे उठून सायकल चालवली.

सोमवारी चाक घराजवळच्या एका दुकानात दिले. "उद्या संध्याकाळी घेऊन जा," असे सांगण्यात आले. मंगळवारी स्पोक आणायला माणूस गेला होता, गुरुवारी तो माणूस आला होता पण मिस्त्री नव्हता, शनिवारी चाक तयार होते. मी पैसे दिले, चाक घरी नेले, आणि रविवारी पहाटे निघण्यापूर्वीच ट्यूब बसलेली आढळली. पॅच लावला, दुपारी ती पुन्हा बसली. तेव्हा ट्यूब पाण्यात धरून नीट पाहिले, तर छिद्र टायरच्या बाजूला नव्हते, रिमच्या बाजूला होते. रिमवरची पट्टी उचलली तेव्हा नव्या स्पोकचे टोक निपलमधून (स्पोक रिमला आवळणाऱ्या छोट्या नटातून) तांदळाच्या दाण्याएवढे वर आलेले दिसले. दुकानदाराने दुसऱ्या बाजूचा, म्हणजे काही मिलिमीटर लांब असलेला स्पोक बसवला होता. मागच्या चाकात कॅसेटच्या बाजूचे स्पोक आखूड असतात, ही गोष्ट चाकाचे काम करणाऱ्याला माहीत असायलाच हवी.

पुन्हा गेलो तर उत्तर आले, "साहेब, टोक घासून देतो, काही फरक पडत नाही." फरक पडतो, असे मी सांगितले, कारण वरचे टोक घासले तरी मुळात माप चुकीचे राहते. पुढे दिवाळीचे चार दिवस दुकान बंद होते. त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार ही आहे की दिवाळीनंतर तीन वेळा मला "आज होईल" असे सांगून परत पाठवले, पण योग्य मापाचा स्पोक मागवलेलाच नाही, हे कोणीही स्पष्टपणे सांगितले नाही. ते पहिल्या दिवशीच कळले असते तर मी दुसरीकडे गेलो असतो. अखेर मीच जुना स्पोक घेऊन दुसऱ्या दुकानात गेलो. तिथल्या मिस्त्रीने तो पट्टीवर ठेवून मोजला, जोडीचा काढून दिला, कॅसेट उतरवली, स्पोक बसवला, चाकाची आऊट (डगमग) काढली आणि अर्ध्या तासात चाक माझ्या हातात दिले. तो एकोणिसावा दिवस होता.

म्हणून सांगतो: तुटलेला स्पोक कधीही टाकून देऊ नका, नवा त्याच्याशी ताडून पाहा, आणि दोन्ही बाजूंच्या मापाचा एकेक स्पोक फ्रेमला चिकटपट्टीने बांधून ठेवा. स्पोकची चावी पिशवीत असली तर शेजारची निपले किंचित सैल करून चाक ब्रेकपासून दूर आणता येते; हे मला त्या दिवशी चढावर ठाऊक नव्हते.

दुसऱ्या खेपेचा प्रवास विनासायास झाला. काटई-बदलापूर रस्त्यावर सकाळी सातच्या आत निघून जावे, कारण नंतर अवजड गाड्या वाढतात. बारवीचा चढ सौम्य असून झाडीतून जातो. या धरणाचे पाणी औद्योगिक विकास महामंडळामार्फत कारखान्यांना आणि आपल्या शहरांना मिळते, आणि बारवी नदी पुढे उल्हासलाच मिळते. मुरबाडला मिसळ खाऊन महामार्गावरून परतलो. रायते येथे पुन्हा उल्हास ओलांडावी लागते. पावसाळ्यात या वाटेला जाऊ नये: २७ जुलै २०१९ रोजी याच नदीच्या पुरात बदलापूर-वांगणी दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली होती, आणि रायत्याचा पूलही पाण्याखाली जातो.

पाण्याच्या बाटल्या मुळगावला भरून घ्याव्यात, हे वर लिहायचे राहिले. आणि कल्याण-शीळ रस्त्यावर दिवस मावळण्यापूर्वी यावे, अन्यथा मागचा दिवा लावावाच.

गोवेलीच्या आसपास रस्त्याकडेला मला पिवळी झालेली भातखाचरे पाहायची होती. त्या १९ दिवसांत कापणी उरकली होती. खाचरांत फक्त ओले बुडखे होते, आणि भारे बांधून झालेली माणसे खळ्याकडे निघाली होती.