गोळ्या कधी सुटणार?

"पोरगं पूर्ण बरं कधी होणार? गोळ्या कधी सुटणार?" जिल्हा रुग्णालयात मनोविकार विभागाच्या बाहेर बसलेले नातेवाईक हे एका दमात विचारतात. तुम्हीही विचारलंत, म्हणून लिहितोय.

हे दोन वेगळे प्रश्न आहेत. स्किझोफ्रेनिया (नसलेले आवाज ऐकू येणं, विनाकारण संशय येणं असा मनाचा आजार) पहिल्यांदाच झाला असेल, तर लक्षणं गेल्यावरही साधारण वर्ष-दोन वर्षं गोळ्या चालू ठेवतात. आजार पुन्हा पुन्हा उलटत असेल तर त्याहून जास्त. पण जगणं रुळावर यायला गोळ्या सुटायची वाट बघावी लागत नाही. कानात अधूनमधून आवाज येत असले तरी माणूस शेळ्या राखू शकतो, बाजार करू शकतो.

सुरुवात कुठून करायची, हे त्यालाच विचारा. उत्तर बहुतेकदा साधं असतं: चौकात जाऊन चहा प्यायचा, पैसे आपण द्यायचे. मग तेच करा. आधी कुणीतरी सोबत जा, मग लांबून लक्ष ठेवा, मग एकट्याला जाऊ द्या. कामही अर्ध्या तासापासून सुरू करा. रात्रीच्या गोळीची गुंगी सकाळी असते, म्हणून पहाटेचं काम नको. घोडं अडतं ते इथंच. जरा फरक पडला की घरचे दिवसभर कापूस वेचायला नेतात, तो दोन दिवसांत थकून झोपून राहतो आणि "आळशीच आहे" हे पालुपद सुरू होतं. तो संथपणा आजाराचा असतो, कधी औषधाचा. सतत टोचून बोलल्यानं आजार उलटायची शक्यता वाढते. हात थरथरणं, अंग आखडणं, लाळ गळणं डॉक्टरांना सांगा. डोस किंवा औषध बदलता येतं. नाही सांगितलं, तर तो गुपचूप गोळ्या टाकून देतो.

बीड, धाराशिवकडे आणखी एक अडचण असते. उचल (आगाऊ मजुरी) घेतलेली असते, दिवाळीच्या सुमारास टोळी ऊसतोडीला निघते आणि पुढचे पाच-सहा महिने औषधाचा ताळमेळ राहत नाही. निघण्याआधी पुरेशा गोळ्या आणि केसपेपरची झेरॉक्स घ्या, कारखान्याजवळचं सरकारी रुग्णालय विचारून ठेवा. रात्री-अपरात्री गाडी भरायला त्याला उठवू नका. झोप मोडली की आजार डोकं वर काढतो. लिथियम (मनाचे टोकाचे चढउतार आवरणारं औषध) चालू असेल तर उन्हात पाणी कमी पडू देऊ नका, आणि अंगदुखीवर डायक्लोफेनॅकसारखी गोळी परस्पर घेऊ नका. दोन्हीनं रक्तातलं लिथियम वाढतं. उलट्या, जुलाब, झोकांड्या सुरू झाल्या तर थांबू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.

बरा असताना त्याच्यासोबत बसून एक कागद करा. आजार उलटताना आधी काय बिघडतं (दोन-तीन रात्री झोप नाही, जेवणावर संशय, अंघोळ बंद), तेव्हा कुणाला बोलवायचं, कोणतं औषध सोसलं नाही. आपल्यावर कोणते उपचार व्हावेत, कोणते नकोत, हे आधीच लिहून ठेवायचा आणि आपला प्रतिनिधी नेमायचा हक्क 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानं त्याला दिला आहे. साखळीनं बांधायला त्याच कायद्यानं बंदी आहे. 14416 हा मोफत, चोवीस तास चालणारा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबरही त्या कागदावर टाका. एक प्रत त्याच्याकडे, एक घरात, एक केसपेपरला. त्याला लिहिता येत नसेल तर तो सांगेल तसंच, त्याच्याच शब्दांत उतरवा.