आमची वाटचाल : आधी पुस्तक, मग मोहीम

बर्मिंगहॅममधल्या आमच्या घरी दर शुक्रवारी रात्री जेवणे आटोपली की चार-पाच मित्र कागद, पेन्सिली आणि वीस बाजूंचे फासे घेऊन टेबलाभोवती बसत, आणि त्या बैठकीतूनच आम्हा पतिपत्नींचा हा छोटा प्रकाशन व्यवसाय उभा राहिला. एकाने कथा पुढे न्यायची, इतरांनी तिच्यातली पात्रे व्हायचे आणि अडेल तिथे निर्णय फाशांवर सोपवायचा, असा टेबलटॉप रोलप्लेइंग गेमचा रिवाज आहे. १९७४ साली अमेरिकेत ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ प्रसिद्ध झाला तेव्हापासून हा धंदा मुख्यतः नियमपुस्तकांच्या विक्रीवर चालत आला आहे. म्हणजे नव्या माणसापुढे पहिला प्रश्न छपाईच्या पैशाचाच असतो.

फेब्रुवारी २०१९मध्ये किकस्टार्टरने, म्हणजे नव्या प्रकल्पांसाठी लोकांकडून आगाऊ वर्गणी गोळा करून देणाऱ्या संकेतस्थळाने, छोट्या खेळपुस्तिकांसाठी ‘झीनक्वेस्ट’ हा उपक्रम सुरू केला, तेव्हा तो प्रश्न आमच्यापुरता सुटला. ए-फाइव्ह आकाराची, एकाच रंगात छापलेली, घडी घालून टाचलेली पुस्तिका आणि वर्गणी जमवण्याची दोन आठवड्यांची मोहीम, एवढ्याच माफक अपेक्षा होत्या. सह्याद्रीतल्या एका ओसाड गडावर पावसात अडकलेल्या वाटसरूंची बत्तीस पानांची कथा आमच्याकडे लिहून तयार होती. कोल्हापूरला वडिलांना फोनवर ही सगळी योजना समजावून सांगितली, तेव्हा ते म्हणाले, “म्हणजे प्रकाशनपूर्व सवलतच की! हस्तलिखित पूर्ण आहे ना?” ते पूर्ण होते. दोनशे चौदा वर्गणीदार मिळाले. लांब दांड्याच्या स्टेपलरने दोन शनिवार-रविवार आम्ही प्रती टाचत बसलो, आणि मे महिन्याच्या आत सर्व पाकिटे टपालात पडली.

दुसऱ्या मोहिमेच्या वेळी, २०२१च्या शरद ऋतूत, हस्तलिखित अर्धेच झाले होते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मॅगपाय गेम्स या प्रकाशकाच्या ‘अवतार लेजंड्स’ या खेळासाठी एक्क्याऐंशी हजारांहून अधिक लोकांनी मिळून सुमारे ९५ लाख डॉलर जमा केले होते, आणि ते आकडे पाहून आमच्यासारख्या अनेकांची नजर आपल्या ताटावरून उठून शेजारच्या ताटात गेली. आम्हीही ‘स्ट्रेच गोल’ जाहीर करत सुटलो : रक्कम अमुक इतकी झाली की कापडी नकाशा, तमुक इतकी झाली की आणखी एक साहसकथा. वास्तविक ब्रिटनमध्ये छापील पुस्तकावर शून्य दराने व्हॅट लागतो, तर कापडी नकाशा आणि फासे यांवर वीस टक्के. शिवाय किकस्टार्टरचे पाच टक्के आणि पैसे वळते करण्याचे सुमारे तीन टक्के वेगळेच. हा हिशेब आम्ही मोहीम संपल्यावर मांडला, यासारखा वेडेपणा नाही. पुस्तक ठरल्यापेक्षा चौदा महिने उशिरा निघाले. तोवर टपालाचे दर वाढले होते आणि पाठवणीचा खर्च आम्ही वर्गणीबरोबरच घेऊन बसलो होतो. त्यात १ जुलै २०२१पासून युरोपीय संघाने बावीस युरोंपर्यंतच्या आयातीला असलेली व्हॅटची सूट काढून टाकली होती. त्यामुळे जर्मनीतल्या वाचकांकडे दारात कर आणि वर हाताळणीचे शुल्क मागितले गेले, आणि एकोणीस पार्सले जशीच्या तशी परत आली. आमच्या जिन्याखालच्या कपाटात व्हॅक्यूम क्लीनर ठेवायला तेव्हापासून जागा उरलेली नाही.

दरम्यान सगळा बाजारच हलला. डिसेंबर २०२१मध्ये किकस्टार्टरने ब्लॉकचेनकडे, म्हणजे क्रिप्टोचलनांमागच्या तंत्रज्ञानाकडे, वळण्याची घोषणा केली आणि ती न रुचल्याने अनेक निर्माते दुसरे दार शोधू लागले. २०२२मध्ये, मोहिमेनंतरची वर्गणीदारांची कामे सांभाळणाऱ्या बॅकरकिट या कंपनीने स्वतःचे मोहिमांचे व्यासपीठ उघडले, आणि पुढच्या वर्षीच्या अखेरीस एमसीडीएम या कंपनीने तिथे सुमारे ४६ लाख डॉलर उभे केले. जानेवारी २०२३मध्ये ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’चे नियम इतर प्रकाशकांना वापरू देणारा खुला परवाना बदलण्याच्या बेतावरून वादळ उठले, तेव्हा इतरांचे नियम वापरणाऱ्या प्रकाशकांना आपले स्वतःचे नियम असावेत असे प्रकर्षाने वाटू लागले. त्याच मार्चमध्ये ‘शॅडोडार्क’ या खेळाला १३ लाख डॉलरांहून अधिक वर्गणी मिळाली. माझ्या मते त्यामागे त्या वादळाइतकाच, खेळाची ओळख करून देणारी पुस्तिका लोकांना मोहिमेआधीच फुकट मिळाली होती, याचाही वाटा होता. २०२४मध्ये ब्रँडन सँडरसन यांच्या ‘कॉस्मिअर’ कादंबऱ्यांवरील खेळाने दीड कोटी डॉलर ओलांडले, पण एवढी मोठी रक्कम ज्यांचा वाचक आधीच तयार आहे त्यांच्याकडेच जाते. लोकवर्गणी हा शब्द आता अशा मोहिमांना शोभत नाही. ती आगाऊ विक्री आहे, आणि तसे म्हणण्यात कमीपणाही नाही.

आम्ही आमच्यापुरते नियम बदलले. मजकूर, चित्रे आणि मुद्रितशोधन पूर्ण झाल्याखेरीज मोहीम उघडायची नाही. पर्याय दोनच : पीडीएफ किंवा छापील पुस्तक. पाठवणीचा खर्च प्रती छापखान्यातून घरी आल्यावर, त्या दिवसाच्या दराने घ्यायचा. ही पद्धत आता या धंद्यात सर्रास झाली आहे आणि वर्गणीदार तिच्याबद्दल कुरकुर करत नाहीत. १३ डिसेंबर २०२४पासून युरोपीय संघात माल पाठवायचा तर मालाच्या सुरक्षिततेची जबाबदारी घेणारा तिथला प्रतिनिधी नेमणे बंधनकारक झाले, आणि आमच्या शे-दीडशे प्रतींना तो खर्च झेपणारा नसल्यामुळे तिकडच्या वाचकांना आम्ही तूर्त फक्त पीडीएफ देतो. त्यांच्यापैकी काहींनी नाराजी कळवली आहे, आणि ती रास्त आहे.

चौथ्या पुस्तकाची नमुनाप्रत गेल्या आठवड्यात छापखान्यातून आली. पान ४१वरील तक्त्याचा उजवा रकाना शिवणीत गेला आहे, तेवढा दुरुस्त झाला की मोहिमेची तारीख कळवू.