हिरव्या शैवालांचा नकाशा, नोंद तिसरी: भाजकाने केलेला घोळ

समुद्राच्या पाण्यातल्या डीएनएवरून कुठे किती हिरवी शैवालं आहेत ते दाखवणारा मागच्या खेपेचा नकाशा मोडीत काढलाय. भूमध्य समुद्रावरचे ते गडद हिरवे ठिपके पाहून मी जरा जास्तच हुरळलो होतो. तिथे हिरव्यांचा वाटा काढताना भाजक म्हणून फक्त हिरव्या शैवालांचे रीड (वाचलेले डीएनएचे तुकडे) घेतले गेले होते, बाकी सगळीकडे एकूण प्रकाशसंश्लेषी जीवांचे. दोन शनिवार पाण्यात!

आता नकाशे दोन. एकात एकूणातला हिरव्यांचा वाटा, दुसऱ्यात हिरव्यांमधले गट. दुसरा छान उतरलाय. किनाऱ्यालगत मायक्रोमोनास, ऑस्ट्रिओकॉकस आणि बॅथिकॉकस ही मामिएलोफायसी वर्गातली सूक्ष्म मंडळी. दूर, पोषकद्रव्यं कमी असलेल्या पाण्यात क्लोरोपिकोफायसी, हा हिरव्यांचाच दुसरा वर्ग. जाणकारांना हे आधीच माहीत आहे, पण स्वतः मांडलेल्या ठिपक्यांतून तेच निघालं की बरं वाटतंच. आर्क्टिकमध्ये मायक्रोमोनास पोलारिसही अपेक्षेप्रमाणे हजर.

किनाऱ्याचे नमुने 'ओशन सॅम्पलिंग डे'चे, म्हणजे एकाच दिवशी जगभर समुद्राचं पाणी गोळा करण्याच्या उपक्रमाचे, २१ जून २०१४चे. तारीख एकच, पण उत्तरेला तेव्हा उन्हाळा आणि दक्षिणेला हिवाळा, म्हणून दोन्ही गोलार्ध एका रंगपट्टीवर तोलत नाही. खुल्या समुद्राचे नमुने 'तारा' या शिडाच्या जहाजाने २००९ ते २०१३ मध्ये गोळा केलेले. त्यांच्यासाठी मी १८ एस या, जीव ओळखायला वापरल्या जाणाऱ्या जनुकाचा व्ही ९ तुकडा वापरतोय, किनाऱ्यासाठी व्ही ४. म्हणून आता एकाला वर्तुळ, दुसऱ्याला त्रिकोण. जिथे नमुनाच घेतलेला नाही तिथे काहीच नाही. जिथे घेतला पण सापडलं नाही तिथे पोकळ खूण. आधी मी दोन्हींना शून्यच म्हणत होतो.

एक गाळणीची गोष्ट. 'तारा'चे नमुने आकारानुसार गाळून गट केलेले आहेत. त्यातल्या बारीक गटाची खालची मर्यादा ०.८ मायक्रोमीटर, आणि फ्रान्सच्या थो खाजणात १९९४ साली सापडलेला ऑस्ट्रिओकॉकस टॉरी जेमतेम तेवढाच. म्हणजे काही पेशी निसटत असणारच. 'तारा'च्या खुणांतला फिकट रंग मी जपूनच वाचतो.

अरबी समुद्राचं प्रकरण उलटं. तिथल्या हिरव्या नॉक्टिल्युका या मोठ्या एकपेशी जीवाच्या पोटात एक चिमुकलं हिरवं शैवाल राहतं. मोकळं सापडलं असतं तर बारीक गाळणीत अडकलं असतं. यजमानाच्या पोटात असल्यामुळे त्याचा डीएनए मोठ्या जीवांच्या गाळणीतच येणार. म्हणून पुढच्या आठवड्यात मोठ्या आकाराचे गट नकाशाच्या वेगळ्या थरावर घेतोय. हा थर कोणी आधी लावून पाहिला असेल तर रंगपट्टी कशी ठेवली ते सांगा. माझ्याकडे सगळंच हिरवं होऊन बसलंय.