कपॅसिटरची नस्ती

नागपुरातील एका मोठ्या केंद्रीय संस्थेत मी उपकरणांच्या देखभालीचे काम पाहतो. काही वर्षांपूर्वी मे महिन्यात, पारा पंचेचाळीसच्या वर असताना, आमच्या उणे ८० अंशांच्या डीप फ्रीझरच्या खोलीतील एसी बंद पडला. हे फ्रीझर आतली उष्णता खोलीतच सोडतात; खोली तापली की त्यांचे कॉम्प्रेसर न थांबता चालू राहतात आणि अखेरीस आतले तापमान चढू लागते. बिघाड साधा होता. एसीचा कपॅसिटर, म्हणजे मोटर चालू करायला लागणारा छोटा विद्युत भाग, फुगला होता. बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, मोदी नंबर तीन या गल्लीत तो तेव्हा तीन-चारशे रुपयांना सहज मिळत असे, परंतु देखभालीचा करार मार्चअखेर संपलेला आणि नव्या कराराची नस्ती, म्हणजे फाइल, वित्त विभागात अडकलेली असल्यामुळे तो आम्हालाच विकत घ्यावा लागणार होता.

नियम आडवा येत नव्हता, हे मुद्दाम सांगितले पाहिजे. केंद्र सरकारच्या खर्चाला लागू असलेल्या २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांतील १५४ व्या नियमानुसार त्या वेळी २५,००० रुपयांपर्यंतची वस्तू दरपत्रके न मागवता घेता येत असे. दर्जा आणि किंमत यांविषयी आपली खात्री झाल्याचे प्रमाणपत्र सक्षम अधिकाऱ्याने दिले की पुरे. आमच्या खरेदी विभागाने मात्र त्यावर आपले थर चढवले होते. भांडारात वस्तू नसल्याचा दाखला दुपारपर्यंत मिळाला. पुढे जेम या सरकारी खरेदीच्या पोर्टलवर ती उपलब्ध नसल्याचा अहवाल जोडायचा होता आणि गाडी तिथे रुतली, कारण पोर्टलवर नेमका तोच कपॅसिटर होता, पण विक्रेता पन्नास नगांखाली द्यायला तयार नव्हता. त्यामुळे वस्तू 'उपलब्ध नाही' असे लिहिता येईना आणि पन्नास कपॅसिटर घेण्याचे समर्थनही करता येईना.

कपॅसिटरची नस्ती हातात घेऊन मी लेखा अधिकाऱ्यांकडे गेलो. त्यांनी ती शांतपणे चाळली आणि म्हणाले, "साहेब, हाच कपॅसिटर जानेवारीतही घेतला होता तुम्ही. मागणीचे तुकडे पाडले, असा आक्षेप येईल." वरिष्ठांची मंजुरी टाळण्यासाठी मोठी मागणी तुकड्यांत विभागू नये, असा १५७ वा नियम आहे आणि तो योग्यच आहे, पण दुसऱ्या खोलीतला दुसरा एसी चार महिन्यांपूर्वी बिघडला होता, यात मी काय टाळले होते? हे विचारल्यावर ते जे बोलले, ते मला अजून खोडता आलेले नाही. "तुमचे फ्रीझर बंद पडले तर मला कोणी विचारणार नाही. या कागदावर सही केली, तर निवृत्तीनंतरही विचारतील." त्यांच्या एका सहकाऱ्याचे निवृत्तिवेतन लेखापरीक्षण अहवालातील आक्षेपाच्या एका परिच्छेदापायी रखडले होते, हे सगळ्या इमारतीला ठाऊक होते.

तोवर संशोधक विद्यार्थी नमुन्यांचे डबे कोरड्या बर्फात घालून शेजारच्या विभागात हलवत होते. आमच्या तंत्रज्ञाने ते पाहिले, काही न विचारता दुचाकी काढली आणि संध्याकाळपूर्वी स्वतःच्या पैशाने कपॅसिटर आणून बसवला. "बिल नाही घेतलं सर, उगाच तुमच्या मागे लागतील," एवढेच तो म्हणाला. अशा खिशातून झालेल्या खर्चाची नोंद कुठेच होत नसल्यामुळे वर्षअखेरच्या आढाव्यात आमची खरेदी पद्धत नेहमी सुरळीत दिसते.

नस्ती मात्र थांबली नाही. काही आठवड्यांनी ती एका सूचनेसह परत आली: दुरुस्तीच्या लेखाशीर्षाऐवजी (खर्चाच्या खात्याऐवजी) यंत्रसामग्रीच्या लेखाशीर्षातून नवा एसी प्रस्तावित करावा. त्या शीर्षात निधी होता, जेमवर तीन उत्पादकांच्या दरांची तुलना काही मिनिटांत निघाली आणि सर्वांत कमी दराचा एसी एकही प्रश्न न येता मंजूर झाला. जुना एसी तंत्रज्ञाच्या कपॅसिटरवर ठणठणीत चालू होता. आता तो निरुपयोगी असल्याचे प्रमाणपत्र मी द्यावे, म्हणजे त्याचे निर्लेखन करता येईल, अर्थात तो नोंदवहीतून कमी करता येईल, असे पत्र भांडारातून आले. ते प्रमाणपत्र मी दिले नाही आणि त्याबद्दल माझ्याकडून लेखी खुलासा मागवण्यात आला.