आमची वाटचाल : आधी खांदा, मग पाऊल

पक्षाघातातून वाचून घरी आलेल्या ज्येष्ठांना घरी जाऊन फिजिओथेरपी द्यायची, एवढ्याच विचाराने आम्ही दोघींनी ही संस्था सुरू केली. घरच्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "बाबा चालतील ना?" त्यामुळे बसणं, उभं राहणं, तोल सांभाळणं, वॉकर आणि शेवटी जिना, याच क्रमाने आमचा कार्यक्रम आखला जायचा. आज नव्या रुग्णाकडे गेल्यावर आमची थेरपिस्ट आधी लुळ्या बाजूचा खांदा बघते आणि "कुठे दुखतं?" हे विचारते. एवढा एक बदल व्हायला काही वर्षं लागली, आणि आमची घडण त्यातच झाली.

मध्येच उपचार सोडणाऱ्यांची कारणं आम्ही पहिल्यापासून टिपून ठेवत होतो. 'थकवा', 'कंटाळा', 'त्यांची इच्छाच नाही' असं घरचे सांगत. पुन्हा जाऊन आजी-आजोबांशी निवांत बोललं की वेगळंच ऐकू यायचं. रात्री त्या कुशीवर झोपता येत नाही. हात हलवला की कळ येते. "या वयात दुखायचंच, सांगायचं कुणाला?" म्हणून ते गप्प बसलेले असत. दुखणाऱ्या माणसाला व्यायामाची इच्छा नसते, यात त्याचा आळस नसतो.

खांद्यावर आम्ही सर्वांत जास्त मेहनत घेतली. स्नायू सैल पडले की हाताचं सगळं वजन सांध्याभोवतीच्या आवरणावर लोंबकळतं आणि दंडाचं हाड खोबणीतून थोडं खाली सरकतं. अशा वेळी कुणी मायेनेच, पण काखेत हात घालून उचललं किंवा कपडे चढवताना हात खेचला, की तो सांधा दुखावतो. पुढे स्नायू आखडतात, हात छातीशी आवळला जातो आणि बोटं उघडून तळवा पुसणंही वेदनेचं होतं. दोरी आणि पुलीने हात डोक्यावर ओढण्याचा व्यायाम या खांद्याला अपाय करू शकतो, म्हणून तो आमच्याकडे नाही. बसताना हाताखाली उशी, झोपताना खांद्याला आधार, कपडे घालताना आधी लुळा हात आणि काढताना आधी चांगला हात, हे आम्ही घरच्यांना पहिल्याच भेटीत त्यांच्याकडून करवून घेऊन शिकवतो. या शिकवणीचे वेगळे पैसे घेत नाही. उपचार कसे असावेत हे ठरवणाऱ्या ब्रिटनच्या नाइस संस्थेने २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत पक्षाघातानंतर आठवड्यातून किमान ५ दिवस, रोज किमान ३ तास पुनर्वसन उपचार मिळावेत असं म्हटलं आहे. इतका वेळ थेरपिस्टला घरी बोलावणं फार थोड्यांना परवडतं. मग उरलेल्या वेळात रुग्णाचा हात ज्यांच्या हाती असतो, ते शिकलेले हवेत.

काहींचं दुखणं मात्र सांध्यात नसतंच. चादर लागली, वारा लागला, गार पाणी लागलं तरी अंग भाजल्यासारखं होतं. ही वेदना मेंदूतल्या इजेमुळे होते आणि पुष्कळदा काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी डोकं वर काढते. फ्रान्सच्या देजेरीन आणि रूसी या डॉक्टरांनी १९०६ सालीच थॅलॅमसच्या, म्हणजे संवेदना पुढे पोहोचवणाऱ्या मेंदूच्या आतल्या भागाच्या, इजेनंतर होणाऱ्या अशा वेदनेचं वर्णन करून ठेवलं आहे. तरीही घरात तिला 'मनाचे खेळ' म्हटलं जातं, याचा मला फार त्रास होतो. साध्या वेदनाशामक गोळ्या इथे फारशा लागू पडत नाहीत. एमिट्रिप्टिलिन, लॅमोट्रिजिन यांसारखी मज्जासंस्थेवर काम करणारी औषधं डॉक्टर देतात, पण एमिट्रिप्टिलिनने वृद्धांना गुंगी येऊ शकते, गोंधळल्यासारखं होतं, लघवी अडकते, पडण्याचा धोका वाढतो. म्हणून ते सुरू झालं की तोल आणि चालणं आम्ही पुन्हा तपासतो आणि डॉक्टरांना कळवतो.

गोळ्यांचा डबा उघडून बघणं हाही आता भेटीचा भाग आहे. रक्त पातळ ठेवणारं औषध चालू असताना आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक परस्पर घेतलं जातं. त्याने पोटात रक्तस्राव होऊ शकतो, मूत्रपिंडावर ताण येतो, रक्तदाब वाढतो. औषध बदलणं आमच्या अधिकारात नाही, पण डॉक्टरांना त्याच दिवशी फोन करणं आहे.

वाचा गेलेल्या रुग्णांचं काय, हा प्रश्न आम्हाला बराच काळ छळत होता. 'हो' म्हणायचं असताना तोंडून 'नाही' निघतं, तिथे विचारून भागत नाही. स्मृतिभ्रंश झालेल्यांसाठी २००३ साली प्रसिद्ध झालेली पेनॅड ही निरीक्षणातून वेदना जोखण्याची मोजपट्टी आम्ही हाताशी धरली. श्वास, कण्हणं, चेहरा, शरीराची हालचाल आणि धीर दिल्यावर शांत होणं, या पाच गोष्टींना प्रत्येकी ० ते २ गुण. तिने निदान होत नाही, पण काल ३ आणि आज ७ दिसले तर थेरपिस्ट व्यायाम थांबवून कारण शोधते.

धंद्याच्या हिशेबात हे सगळं जड गेलं. भेट लांबली, एका थेरपिस्टला दिवसात कमी घरं करता येऊ लागली. काही कुटुंबांना आमची सुरुवात संथ वाटली आणि त्यांनी दुसरी सेवा धरली. पक्षाघातानंतरचे पहिले तीन महिने मोलाचे असतात, हे आम्हालाही ठाऊक आहे, आणि त्यांची घाई मी समजू शकते. पण वेदना आटोक्यात आल्यावर जे रुग्ण टिकले, त्यांनीच पुढची माणसं आमच्याकडे पाठवली. त्यावरच दुसरी ऑक्युपेशनल थेरपिस्ट (कपडे घालणं, जेवणं अशी रोजची कामं पुन्हा शिकवणारी) नेमता आली.

आता झोपण्याच्या वेळच्या भेटी सुरू करतो आहोत, कारण खांद्याचं दुखणं रात्री उफाळतं आणि उशा कशा लावल्या जातात हे दिवसा जाऊन कळत नाही. त्यासाठी उशिराची पाळी घेणारी थेरपिस्ट हवी आहे. तिचा शोध चालू आहे.