घोडी, घोडा आणि दहा डॉलर

मंगळवार, रात्री साडेअकरा

दिवसभरात जेमतेम अकरा ओळी झाल्या. १९२० च्या दशकातल्या शिकागोची एक गुंडकथा मराठीत आणायचं काम अंगावर घेतलंय, आणि त्यातलं एकही माणूस सरळ बोलेल तर शपथ. पैशाला पैसा म्हणत नाहीत, पिस्तुलाला पिस्तूल म्हणत नाहीत.

सकाळ 'सॉबक'ने खाल्ली. सॉबक म्हणजे दहा डॉलरची नोट. पण मुळात ती लाकूड कापायची घोडी, फुलीसारख्या पायांची. जुन्या नोटेवर दहाचा रोमन आकडा छापलेला असे, तोही फुलीच. कुणाला तरी नोटेत घोडी दिसली आणि नाव चिकटलं. वीसची नोट 'डबल सॉबक'.

खात्रीसाठी बाबांना फोन लावला. त्यांची हयात रंधा मारण्यात गेली.

"बाबा, ओंडका कापायला फुलीच्या पायांचं ठेवतात, त्याला काय म्हणता तुम्ही?"

"घोडी. एवढ्यासाठी फोन केलास?"

"अमेरिकेत दहा डॉलरला घोडी म्हणायचे."

जरा थांबून म्हणाले, "मग शंभरला काय, तबेला?"

शंभरला 'सी-नोट', तीही रोमन आकड्यावरूनच. पण तबेला जास्त चांगला आहे.

मी खुशीत 'घोडी काढ' असं लिहून टाकलं. चार ओळींनी त्याच माणसाने 'गॅट' काढलं. हा शब्द गॅटलिंगवरून आलाय. १८६२ च्या पेटंटची, दांडा फिरवून चालवायची, चाकांवरून ओढत न्यायची ती बंदूक. नाव आखडत आखडत खिशातल्या पिस्तुलावर येऊन बसलं. आपल्या मुंबईत त्याला काय म्हणतात? घोडा! म्हणजे माझ्या खलनायकाच्या एका हातात घोडी आणि दुसऱ्या हातात घोडा. वाचणारा हसून लोळेल. घोडा ठेवला, घोडी खोडली.

एकच शब्द अलगद आला. स्पॅनिश डॉलरचे आठ भाग, एक भाग म्हणजे एक बिट, म्हणून 'टू बिट्स' म्हणजे पाव डॉलर. आपली पावली! 'टू-बिट' चोराचा 'चार आण्याचा चोर' झाला, हिशोबासकट.

दारूचं पान मात्र मजेत गेलं. १७ जानेवारी १९२० ला तिकडे देशभर दारूबंदी लागू झाली ती ५ डिसेंबर १९३३ पर्यंत. चोरट्या दारूच्या 'मूनशाइन'ला चांदणं वगैरे करत बसलो नाही, 'पहिल्या धारेची' लिहून मोकळा झालो. आपल्याकडे १९४९ चा दारूबंदी कायदा आला, त्यामुळे हातभट्टी, नवटाक हा सगळा माल भाषेत तयारच आहे. 'हूच' हा शब्द अलास्कातल्या हूचिनू लोकांच्या नावावरून आला, हे आजच कळलं.

सगळ्यात आवडला तो 'स्कॉफलॉ'. बंदी मोडून पिणाऱ्याला झोंबेल असा शब्द सुचवा, २०० डॉलर मिळवा, अशी स्पर्धा मॅसॅच्युसेट्समधल्या एका कट्टर बंदीवाल्याने लावली. पंचवीस हजारांवर शब्द आले. जानेवारी १९२४ मध्ये निकाल लागला. दोघांनी एकच शब्द पाठवल्यामुळे बक्षीस वाटून दिलं. पिणाऱ्यांना काही तो झोंबला नाही. त्याच महिन्यात पॅरिसच्या एका बारमध्ये स्कॉफलॉ नावाचं कॉकटेल मिळू लागलं. समित्या नेमून शब्द पाडणाऱ्यांनी ही गोष्ट भिंतीवर लावावी. मला अजून याला मराठी सापडलेला नाही. 'कायदेतुच्छक' लिहिलं आणि माझी मलाच लाज वाटली.

आत्ता बाबांचा मेसेज आला. माळ्यावरच्या जुन्या घोडीचा फोटो, चारातला एक पाय मोडलेला. खाली लिहिलंय, 'ही साडेसात डॉलरची.'